डेव्हलपरला ऑफिसातला सगळ्यात संथ लॅपटॉप द्या

अर्धविराम

शीर्षकावर हसायचं असेल तर आधी हसून घ्या, मग भांडायला या.

मी सपोर्टला आहे. म्हणजे सॉफ्टवेअर लिहिणारे आणि ते वापरून वैतागणारे, या दोघांच्या मधोमध. सगळ्यात जास्त येणारी तक्रार 'चालत नाही' ही नसते. 'फार वेळ लागतो' ही असते. तक्रारीची नोंद, म्हणजे तिकीट, डेव्हलपमेंटकडे जातं आणि शेरा घेऊन परत येतं: आमच्याकडे व्यवस्थित चालतंय, बंद करत आहोत.

यात खोटं काही नाही. त्यांच्याकडे चालतंच. ३२ जीबी रॅम, एनव्हीएमई एसएसडी (म्हणजे अतिवेगवान डिस्क), डेटाबेस त्याच मशीनवर आणि त्यात हाताने भरलेल्या पाचपन्नास नोंदी. वापरणाऱ्याकडे ८ जीबी, त्यातली निम्मी ब्राउझर आणि मीटिंगच्या ॲपने आधीच गिळलेली, आणि टेबलात कित्येक वर्षांचा डेटा. शोधाचं बटण दाबलं की चक्र फिरत राहतं. माणूस पुन्हा दाबतो, वाट बघतो, परत दाबतो. आता सर्व्हरवर तेच काम तिप्पट.

विंडोज ९५ ला किमान ४ एमबी रॅम लागायची. विंडोज ११ ला किमान ४ जीबी लागते. हजारपटीच्या वर झाली. मधल्या काळात माझं पत्र टाइप करण्याचं काम काही हजारपट अवघड झालेलं नाही. संगणकशास्त्रज्ञ निकलाउस विर्थ यांनी १९९५ मध्येच हे मांडलं होतं की हार्डवेअर जितक्या वेगाने सुधारतं त्याहून जास्त वेगाने सॉफ्टवेअर संथ होत जातं. तेव्हापासून आपण ते मनावर घेऊन खरं करून दाखवतोय.

म्हणून माझं मत: ज्याने सॉफ्टवेअर लिहायचं त्याला ग्राहकाकडचं सगळ्यात साधं मशीन द्यावं. फेसबुकने २०१५ मध्ये कर्मचाऱ्यांना मंगळवारी तासभर टूजीचा वेग अनुभवण्याची सोय केली होती. ती ऐच्छिक होती. मी म्हणतो सक्तीचं करा, आणि रोज करा.

बोला.

रात्रपाळी

काडी टाकलीत. आता शेकत बसतो.

नल_पॉइंटर

सपशेल असहमत.

लॅपटॉप संथ केला तर डेव्हलपर संथ होतो, सॉफ्टवेअर वेगवान होत नाही. आमच्याकडे सी प्लस प्लसचा मोठा कोडबेस आहे. एक हेडर फाइल (अनेक फाइलींना लागणारा सामाईक तुकडा) बदलली की अर्धा प्रकल्प पुन्हा कंपाइल होतो, म्हणजे मशीनला कळेल अशा रूपात नव्याने तयार होतो. चांगल्या मशीनवर तेवढ्या वेळात मी बदललेला कोड एकदा नजरेखालून घालतो. साध्या मशीनवर मी फोन उघडतो, आणि ते काम, म्हणजे बिल्ड, संपल्यावर मी लगेच फोनमधून बाहेर येत नाही हे सगळ्यांनाच माहीत आहे.

वापरसुलभतेचे तज्ज्ञ जेकब निल्सन यांनी सांगितलेल्या मर्यादा यूजर इंटरफेसवाले तोंडपाठ म्हणून दाखवतात: ०.१ सेकंदात प्रतिसाद आला तर तो तत्काळ वाटतो, १ सेकंदापर्यंत विचाराची साखळी तुटत नाही, १० सेकंदांच्या पुढे लक्ष उडतं. ग्राहकाला हा नियम लावायचा आणि डेव्हलपरला नाही, हा कुठला न्याय? तोही मॉनिटरपुढे बसलेला माणूसच आहे.

आणि 'अकाली ऑप्टिमायझेशन हे सगळ्या अनर्थाचं मूळ' हे संगणकशास्त्रज्ञ कनूथ उगाच म्हणाले नाहीत.

बिनतारी

आमच्याकडे अर्धविराम म्हणतात तो प्रयोग कधीपासूनच चालू आहे. फक्त त्याला प्रयोग म्हणत नाहीत, बजेट म्हणतात.

जुनंखोड

@नल_पॉइंटर, कनूथ यांचं वाक्य पूर्ण वाचा हो. १९७४ चा लेख आहे. बारीकसारीक कार्यक्षमतेचा विचार ९७ टक्के वेळा सोडून द्यावा, असं म्हणून लगेच पुढे ते सांगतात की उरलेल्या कळीच्या ३ टक्क्यांत मात्र संधी सोडू नये. सगळे जण पहिला भाग भिंतीवर लावतात आणि त्या ३ टक्क्यांवर पडदा टाकतात.

पण धागाकर्त्याशीही मी पूर्ण सहमत नाही. काटकसरीचं फार कौतुक करू नका. आमच्या पिढीने काटकसर म्हणूनच तारखेतलं वर्ष दोन आकड्यांत साठवलं. प्रत्येक नोंदीमागे दोन बाइट वाचले. २००० साल आलं की मशीन ते १९०० समजेल, म्हणून त्याची किंमत १९९९ मध्ये जगभरच्या प्रोग्रामरांनी मोजली. तेव्हा मशीनचा वेळ आणि जागा महाग होती, माणूस स्वस्त होता. आज उलटं आहे. चांगला लॅपटॉप देणं यात चूक काही नाही.

वायरमन

सॉफ्टवेअरवाल्यांनो, तुमचं भांडण चालू द्या. मी हार्डवेअरचा माणूस. 'संथ आहे' म्हणून माझ्या टेबलावर येणाऱ्या मशीनचं काय निघतं ते सांगतो.

एक, अजूनही फिरणाऱ्या डिस्क सापडतात. ७२०० आरपीएमची डिस्क एक फेरा पूर्ण करायला सव्वाआठ मिलिसेकंदांच्या वर घेते. म्हणजे हवी ती जागा हेडखाली यायला सरासरी चार, आणि हेड त्या पट्टीवर न्यायचा वेळ वेगळा. एसएसडीला हेच काम मिलिसेकंदाच्या लहानशा भागात जमतं. टास्क मॅनेजरमध्ये सीपीयू १० टक्के आणि डिस्क १०० टक्के दिसत असेल तर प्रोसेसर बदलून काहीही होणार नाही. डिस्क बदला.

दोन, रॅमची एकच पट्टी. खरेदी विभागाला १६ जीबी सांगितलं की ते १६ ची एक पट्टी घेतात. ८ च्या दोन घेतल्या असत्या तर मेमरीचे दोन्ही मार्ग (चॅनल) चालले असते. ग्राफिक्स प्रोसेसरच्या आतच असेल तर हा फरक डोळ्यांना दिसतो, कारण तो सिस्टिमची रॅमच वापरतो.

तीन, उष्णता. मागे एक लॅपटॉप आला. वापरणारीची तक्रार अशी की सकाळी ठीक असतो, अकरानंतर टायपिंगसुद्धा मागे पडतं. मालवेअर असणार असं वरच्या मजल्यावर ठरलेलंच होतं. खालचं झाकण काढलं. पंखा आणि हीटसिंकच्या पात्यांमध्ये धुळीचा जाड थर बसला होता, चिमट्याने धरल्यावर अख्खी पट्टी एका तुकड्यात बाहेर आली. तापला की प्रोसेसर स्वतःला वाचवायला वेग पार एक गिगाहर्ट्झच्या खाली आणत होता. धूळ काढली, थर्मल पेस्ट नवी लावली, मशीन पूर्ववत. त्याच लॅपटॉपच्या नावाने डेव्हलपमेंटकडे एक तिकीट उघडं होतं आणि त्यावर दोघं जण क्वेरी, म्हणजे डेटाबेसला विचारलेले प्रश्न, तपासत बसले होते.

तेव्हा आधी झाकण उघडा.

रात्रपाळी

@वायरमन, 'आधी झाकण उघडा' हे आमच्या हेल्पडेस्कच्या दारावर लावतो. सध्या तिथे 'बंद करून चालू करून पाहिलंत का' आहे.

कसोटीवीर

मी टेस्टिंगमध्ये आहे, त्यामुळे दोन्ही बाजूंच्या शिव्या खायची सवय आहे.

अर्धविराम, दुखणं बरोबर ओळखलंत, औषध चुकलंय. आमच्याकडे नुकतंच झालेलं सांगते. एक यादीचं पान. पन्नास ओळी, प्रत्येक ओळीत ग्राहकाचं नाव. कोड लिहिणाऱ्याने यादीसाठी एक क्वेरी आणि मग प्रत्येक ओळीच्या नावासाठी एकेक, अशा एक्कावन्न क्वेऱ्या मारल्या होत्या. त्याला हे कळलंही नव्हतं, कारण ओआरएम (कोडमधून डेटाबेसशी बोलणारं तयार साधन) हे सगळं गुपचूप करतं. त्याच्या मशीनवर डेटाबेस शेजारीच, एका क्वेरीला मिलिसेकंदसुद्धा लागत नाही, पान झटकन उघडतं. ग्राहकाकडे ॲप्लिकेशन आणि डेटाबेस यांच्यामध्ये ४० मिलिसेकंदांचं अंतर. एक्कावन्न गुणिले चाळीस, दोन सेकंद नुसते जाण्यायेण्यात.

या डेव्हलपरला तुम्ही जगातला सगळ्यात संथ लॅपटॉप दिला असता तरी हे दिसलं नसतं. दिसायला हवं होतं ते अंतर आणि डेटा. पन्नास नोंदींच्या डेटाबेसवर इंडेक्स (शोधायची सूची) नसलेलं टेबलसुद्धा हरणासारखं पळतं.

मशीन चांगलंच द्या, पण चाचणीचा डेटा खऱ्या आकाराचा द्या आणि मध्ये मुद्दाम विलंब घाला. क्रोम ब्राउझरच्या डेव्हटूल्समध्ये (डेव्हलपरसाठीच्या साधनांत) सीपीयू चौपट किंवा सहापट संथ करायची आणि नेटवर्क बारीक करायची सोय आहे. ती किती जण वापरतात, हात वर करा.

नल_पॉइंटर

@कसोटीवीर +१. मी इतका वेळ हेच सांगत होतो.

कसोटीवीर

नाही, तुम्ही फोनबद्दल सांगत होता.

रात्रपाळी

खिक्क.

टेबलाखालचा_सर्व्हर

मूळ मुद्द्याला फाटा देतो. चांगला लॅपटॉप मिळूनही तो चांगला राहतो कुठे? माझ्यावर अँटिव्हायरस, डेटा बाहेर जाऊ नये म्हणून एक एजंट (पाठीमागे सतत चालणारा प्रोग्राम) आणि कोणतं सॉफ्टवेअर आहे याची मोजदाद करणारा तिसरा, असे तीन पहारेकरी नेमले आहेत. जावास्क्रिप्टचा प्रकल्प उघडला की नोड मॉड्यूल्सच्या (उसन्या तयार कोडच्या) फोल्डरमध्ये हजारो चिमुकल्या फाइली येतात, आणि प्रत्येक फाइल हे तिघं रांगेने हुंगतात. मायक्रोसॉफ्टलाही हे जाचलं असावं, कारण २०२३ मध्ये त्यांनी विंडोज ११ मध्ये डेव्ह ड्राइव्ह हा डेव्हलपरसाठीचा डिस्कचा कप्पा आणला. त्यात विंडोजचा डिफेंडर अँटिव्हायरस फाइल उघडण्याआधी अडवून धरत नाही, तपासणी मागाहून करतो. आम्हाला तो वापरायची परवानगी नाही. अर्ज केलाय, तो तिसऱ्या एजंटच्या खात्याकडे गेलाय.

आणि मीटिंगचं ॲप, चॅटचं ॲप, नोट्सचं ॲप हे सगळे इलेक्ट्रॉनवर, वेबपानासारखं ॲप बनवायच्या सांगाड्यावर. म्हणजे प्रत्येकाच्या पोटात एकेक अख्खा क्रोमियम ब्राउझर. एकाच मशीनवर एकच ब्राउझर चार वेळा चालतोय आणि आपण त्याला चार ॲप म्हणतोय.

बॅशकरी

रॅम वापरायलाच असते. मोकळी रॅम म्हणजे वाया गेलेली रॅम.

जुनंखोड

@बॅशकरी, हे अर्धसत्य प्रत्येक धाग्यावर येतं. लिनक्सवर 'फ्री' कमांड द्या आणि 'फ्री' व 'अव्हेलेबल' हे दोन स्तंभ बघा. कर्नल (सिस्टिमचा गाभा) उरलेल्या रॅममध्ये फाइलींची कॅश, म्हणजे पटकन मिळावी अशी प्रत, ठेवतं, आणि एखाद्या प्रोग्रामने मागितली की ती जागा सोडून देतं. ती सदुपयोगी लावलेली रॅम. चॅटच्या ॲपने धरून ठेवलेली जीबीभर रॅम मागून परत मिळते का? ती स्वॅपमध्ये, म्हणजे डिस्कवरच्या राखीव जागेत, ढकलावी लागते, आणि तुम्ही पुन्हा त्या खिडकीवर गेलात की डिस्कवरून ओढून आणावी लागते.

इलेक्ट्रॉनची बाजूही सांगतो. एकाच कोडमधून विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हीकडे ॲप जातं. ते नसतं तर लिनक्सवाल्यांना निम्मी ॲप मिळालीच नसती. आणि व्हीएस कोड हा कोड लिहायचा एडिटरसुद्धा इलेक्ट्रॉनच आहे. तो बऱ्यापैकी चपळ चालतो, कारण त्यावर कुणीतरी बसून मेहनत घेतलीय.

कुलूपकिल्ली

@टेबलाखालचा_सर्व्हर, त्या तीन पहारेकऱ्यांपैकी एकाच्या खात्यात मी आहे. तुमचा अर्ज माझ्याकडे नाही, तेवढं सांगतो.

एजंट काढून टाका म्हणणं सोपं आहे. ते इतक्या खोलवर बसवावे लागतात आणि ते धोक्याचंही आहे, हे १९ जुलै २०२४ ला सगळ्यांनी पाहिलं. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटने मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे सुमारे ८५ लाख विंडोज मशीन निळ्या पडद्यावर गेली. तरीही एजंट नसलेलं मशीन मी नेटवर्कवर घेणार नाही. तीनाच्या जागी एक असावा, यावर मात्र चर्चा होऊ शकते.

पण मला वेगळंच सांगायचंय. तुम्ही सगळे संथपणा म्हणजे गैरसोय समजून बोलताय. एक्सझेड युटिल्स या फाइली आकसणाऱ्या लायब्ररीचं (तयार कोडच्या संचाचं) प्रकरण आठवा. मार्च २०२४. आंद्रेस फ्रॉइंड हे पोस्टग्रेस डेटाबेसवर काम करणारे अभियंता बेंचमार्किंग (वेगाची मोजणी) करत होते. त्यांच्या लक्षात आलं की एसएसएच लॉगिनला (दूरच्या मशीनमध्ये शिरायला) नेहमीपेक्षा साधारण अर्धा सेकंद जास्त लागतोय आणि सीपीयू विनाकारण खर्च होतोय. दुसरा कुणी असता तर सोडून दिलं असतं. ते मागे लागले आणि लायब्ररीच्या ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांत लपवलेलं चोरदार हाती लागलं. ज्याने ते घुसवलं तो दोनेक वर्षं प्रकल्पात विश्वास कमवत होता. बहुतेक लिनक्स वितरणांच्या स्थिर आवृत्त्यांत ते पोचायच्या आत उघडकीला आलं.

यात कुणाचा लॅपटॉप संथ होता म्हणून ते सापडलं नाही. नेहमी किती वेळ लागतो हे माहीत असलेला माणूस समोर होता, म्हणून सापडलं.

बिनतारी

@कुलूपकिल्ली, खात्यात आहातच तर दर तीन महिन्यांनी पासवर्ड बदलायला लावणं तेवढं बंद करा. मी शेवटचा आकडा एकेकाने वाढवत आलोय. सध्या कितवा चालू आहे ते सांगत नाही.

कुलूपकिल्ली

माझ्या हातात असतं तर कधीच बंद केलं असतं. अमेरिकेच्या निस्ट या मानकं ठरवणाऱ्या संस्थेने २०१७ मध्ये लिहून दिलंय की कारणाशिवाय ठरावीक मुदतीने पासवर्ड बदलायला लावू नये, फुटल्याचा पुरावा असेल तेव्हाच बदलवावा. मायक्रोसॉफ्टनेही २०१९ मध्ये विंडोजच्या शिफारशींतून ती अट काढली. पण लेखापरीक्षकाच्या तक्त्यात अजून तो चौकोन आहे, आणि चौकोन रिकामा ठेवायची हिंमत कुणात नाही.

वायरमन

वापरणारीचा पासवर्ड मॉनिटरच्या मागे चिकटवलेला असतो. बदलाची तारीखही लिहिलेली असते, शिस्त वाखाणण्यासारखी.

अर्धविराम

धागा पासवर्डवर गेला म्हणजे वयात आला.

@कसोटीवीर, एक्कावन्न क्वेऱ्यांचा मुद्दा मान्य. @कुलूपकिल्ली, एक्सझेडचं उदाहरण तर माझ्याच पथ्यावर पडतं. अर्धा सेकंद कुणाला तरी बोचला. माझं म्हणणं तेच आहे की वेगवान मशीनवर तो बोचत नाही.

नल_पॉइंटर

बोचला तरी काय होतं? जीटीए ऑनलाइनचं उदाहरण घ्या. गेम सुरू व्हायला कित्येक मिनिटं लागायची, भल्याभल्या मशीनवरसुद्धा, आणि वर्षानुवर्षं. खेळणारे शिव्या घालायचे आणि वाट बघायचे. २०२१ मध्ये बाहेरच्या एका माणसाने, सोर्स कोड हातात नसताना, प्रोफायलर (वेळ कुठे जातो ते दाखवणारं साधन) लावून पाहिलं. सुरुवातीला साधारण १० एमबीची एक जेसन फाइल (मजकुराच्या रूपातला डेटा) वाचली जात होती, ६३ हजारांच्या आसपास वस्तूंची. प्रत्येक तुकडा वाचताना उरलेल्या सगळ्या मजकुराची लांबी पुन्हा पहिल्यापासून मोजली जायची. शिवाय प्रत्येक वस्तू यादीत आधी आहे का हे बघायला अख्खी यादी चाळली जायची. त्याने दोन्ही गोष्टींवर तोडगा काढला आणि थांबण्याचा वेळ सुमारे ७० टक्के घटला. कंपनीने ते मान्य करून अपडेट दिलं आणि त्याला बक्षीसही दिलं.

आता सांगा, तिथल्या डेव्हलपरांना संथ मशीन द्यायची गरज होती का? संथपणा सगळ्यांना दिसत होता. बघायचं काम कुणाचं, एवढंच ठरलेलं नव्हतं.

कसोटीवीर

आता मात्र तुम्हाला माझ्याकडून +१.

गँटचार्ट

मॅनेजर आहे. दगड जरा जपून मारा.

नल_पॉइंटरांनी बोट बरोबर ठेवलंय. नवं फीचर कुणाच्या तरी नावावर असतं, त्याला तारीख असते, डेमो असतो. वेग कुणाच्याच नावावर नसतो. स्प्रिंटमध्ये (पंधरवड्याच्या कामाच्या यादीत) 'पान वेगवान करा' अशी नोंद टाकली तर ती दर पंधरवड्याला पुढे सरकते आणि शेवटी कुणीतरी 'जुनी आहे' म्हणून मिटवतं.

डेमोची गंमत सांगतो. डेमोच्या दहा मिनिटं आधी टीममधला एक जण सगळी पानं एकदा उघडून घेतो. का? तर कॅश गरम होते, डेटाबेसमधला डेटा मेमरीत येतो, आणि साहेबांसमोर सगळं फटाफट उघडतं. हे कुणी शिकवलेलं नाही, प्रत्येक टीमला आपोआप येतं. ग्राहक सकाळी पहिल्यांदा उघडतो तेव्हा त्याच्या आधी ती पानं उघडून ठेवणारं कुणी नसतं.

मी माझ्याकडे दोन गोष्टी लावल्यात. मुख्य पानांना वेळेची मर्यादा लिहून दिलीय, आणि शंभरातल्या ९५ वेळा ती पाळली नाही तर बिल्ड नापास. सरासरी धरत नाही, कारण सरासरीत रडणारा ग्राहक झाकला जातो. दुसरं, नापास बिल्ड त्या आठवड्यात ज्याची पाळी असेल त्याच्या नावावर. पहिले काही आठवडे सगळे माझ्याशी बोलायचे बंद झाले होते.

टेबलाखालचा_सर्व्हर

@गँटचार्ट, बिल्ड सर्व्हरवरच दुसरी कामं चालू असली की आकडे वरखाली होतात आणि निर्दोष माणूस लटकतो. त्याचं काय केलंत?

गँटचार्ट

झालं तसंच. त्या चाचणीला वेगळं मशीन दिलं. जुनं, साधं, ८ जीबीचं, त्यावर दुसरं काही नाही.

अर्धविराम

म्हणजे शेवटी संथ मशीन आणलंतच की!

गँटचार्ट

आणलं. पण त्याच्यापुढे कुणाला बसवत नाही.

अर्धविराम

बरं, दुरुस्त प्रस्ताव. डेव्हलपरचा लॅपटॉप त्याला लखलाभ. डेमो मात्र ग्राहकाकडच्यासारख्या मशीनवर, खऱ्या आकाराच्या डेटावर, मशीन नुकतंच सुरू केल्यावर, कुणीही आधी पानं न उघडता. आणि पान उघडेपर्यंत सगळ्यांनी शांत बसायचं, 'आज नेटवर्क जरा...' असं म्हणायची मुभा नाही.

नल_पॉइंटर

याला माझी हरकत नाही. आमच्या साहेबांची असेल.

नवखा_इंटर्न

सगळा धागा वाचला, खूप माहिती मिळाली, सर्वांचे आभार. पुढच्या महिन्यात जॉइन होतोय, स्वतःचा लॅपटॉप घ्यायचाय. मग १६ जीबी पुरेल की ३२ घेऊ?

वायरमन

आधी बघ रॅम बोर्डवर सोल्डर केलेली आहे का. असेल तर पुढे वाढवता येणार नाही, आत्ताच ३२ घे. पट्ट्यांची असेल तर ८ च्या दोन लावून सुरू कर, पुढे गरज पडली तर दोन्ही काढून मोठ्या टाक. आणि खालचं झाकण साध्या स्क्रूने उघडतं का, तेही विचार.